ट्रॅक्टरसाठी ताल फोडू नका



मे महिन्यात आम्ही जव्हारकडच्या एका गावात गेलो होतो. गावाचं नाव छापत नाही. चूक त्या एका घराची नाही, पुढच्या वर्षी ती आपल्या कुणाच्याही हातून होऊ शकते. त्या घरच्यांनी वरकस जमिनीत नागली-वरईसाठी भाड्याचा ट्रॅक्टर बोलावला होता. जमीन उताराची, आणि उतारावर आडवे रचलेले दगडी ताल, आज्याच्या हातचे. ड्रायव्हरने खालून बघितलं आणि म्हणाला, "हे मधले ताल काढा, नायतर गाडी वळायची नाय." घरच्या माणसांनी पहारीने तीन ताल उघडले. ट्रॅक्टर निम्म्या चढावर गेला आणि मागची चाकं जागेवर फिरायला लागली. माती उडाली, टायरचा जळका वास सुटला, गाडी काही वर सरकेना. असं दोन तास चाललं. दोन तासांचं भाडं मोजून द्यावं लागलं. राहिलेलं रान शेवटी घरच्या बायकांनी कुदळीनं खणलं. मिरगाच्या पहिल्या जोराच्या पावसात त्या उघड्या तालांतून माती खाली ओहळात गेली.

भाडं गेलं, माती गेली, हे सगळ्यांनी बघितलं. तिसरी एक गोष्ट गेली तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. त्या घराचा वनहक्काचा दावा अजून उपविभागीय समितीकडे पडून आहे, आणि ते तीन ताल त्या दाव्याचा पुरावा होते.

हे पत्रक आम्ही गोरेगावातून, आरेच्या पाड्यांतून काढतो आणि ते पालघर-रायगडच्या गावांत जातं. त्या गावांतून आम्हाला सारखं विचारतात, की आमच्या प्लॉटवर ट्रॅक्टर चढत नाही, काय करावं? कुठला घ्यावा? आमच्यातले दोघं ट्रॅक्टर चालवतात, एकानं आयटीआयचा डिझेल मेकॅनिक अर्धा केलाय. आम्ही इंजिनियर नाही, पण चाक का घसरतं एवढं आम्हाला कळतं. ते आधी सांगतो, मग ताल आणि दाव्याचं बोलू. शेवटी ते एकच प्रकरण आहे असं आमचं मत आहे.

एक गोष्ट आधी साफ करतो. ट्रॅक्टर नको, बैलच बरे, असं म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही. बैल कुठायत? चराईची राने बंद झाली, पोरं कामाला वसई-भिवंडीला जातात, गुरं राखायला घरात कुणी उरत नाही. ज्याच्या दारात बैलजोडी नाही त्याला "बैल वापर" सांगणं म्हणजे चेष्टा आहे. आणि कुदळीचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा बघावं की उतारावरची कुदळ कुणाच्या हातात असते. ती बाईच्या हातात असते. तेव्हा यंत्र आलं तर आम्हाला वाईट वाटत नाही. फक्त ते आपल्या जमिनीला मानवलं पाहिजे.

आता चाक. ट्रॅक्टर इंजिनाच्या जोरावर ओढतो असं आपल्याला वाटतं. इंजिनाचा जोर चाकापर्यंत येतो, पण पुढं जमिनीनं तो धरला पाहिजे. जमीन किती धरणार ते चाकावर वजन किती आहे आणि खाली माती कशी आहे यावर ठरतं. सपाटीवर ते जमून जातं. उतारावर काय होतं? समजा दोन टनांचा ट्रॅक्टर आहे आणि चढ दहा फुटांना दोन फूट आहे. नांगर जमिनीत घालायच्या आधीच त्या ट्रॅक्टरचं स्वतःचं सुमारे ४०० किलो वजन त्याला मागं ओढत असतं. वर नांगराचं ओझं. खाली मुरमाची सुटी खडी नाहीतर ओली लाल माती. मग चाक फिरणार नाही तर काय करणार? मोठा एचपीचा ट्रॅक्टर आणला म्हणून हे सुटत नाही. इंजिन मोठं झालं की चाक जास्त जोरात जागेवर फिरतं, एवढाच फरक.

घसर किती आहे ते घरच्या घरी मोजता येतं. मागच्या टायरवर खडूने खूण करा. नांगर जमिनीत घालून ट्रॅक्टर चालवा, चाकाचे दहा फेरे मोजा, सुरुवातीला आणि शेवटी खुंटी ठोका. मग नांगर उचलून तेवढंच अंतर पुन्हा चालवा आणि फेरे मोजा. नऊ भरले तर दहातला एक फेरा घसरण्यात गेला, तेवढं चालतं. आठ भरले तर दहातले दोन फेरे फुकट. म्हणजे डिझेलही फुकट आणि तुम्ही तासाला देता त्या भाड्यातला पाचवा हिस्साही फुकट. साडेआठच्या खाली गेलं की काम थांबवा आणि काय बदलता येतं ते बघा.

बदलता येतं ते असं. मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. वॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून पाणी वॉल्व्हपर्यंत भरलं की टायर पाऊण भरतो, वरच्या पाव भागात हवा. मधल्या आकाराच्या ट्रॅक्टरच्या एकेका टायरमध्ये दीडशे लिटरच्या आसपास पाणी बसतं, म्हणजे तेवढं वजन चाकावर आणि तेही खाली. गावातला पंक्चरवाला हे करून देतो. शेतात उतरताना मागच्या टायरची हवा रस्त्यापेक्षा कमी ठेवतात, १२ पौंडांच्या आसपास. टायर थोडा पसरतो आणि माती जास्त धरतो. पण आडव्या उतारावर हवा फार कमी केली तर टायर रिममधून निसटू शकतो, तेव्हा हातचं राखून. एक चाक फिरतंय आणि दुसरं उभं आहे असं झालं तर डिफरन्शियल लॉक दाबायचा, सरळ जाताना फक्त. वळताना तो सोडायचाच. चिखलणीची लोखंडी केज व्हील खाचरात चांगली, दगडाच्या उतारावर ती लावू नका, लोखंड दगडावर टायरपेक्षा जास्त घसरतं.

आणि रोटाव्हेटर. त्याची पाती ज्या दिशेनं फिरतात त्यानं ट्रॅक्टर पुढं ढकलला जातो. चढताना ते बरं वाटतं. उतरताना कडक जमिनीत तोच रोटाव्हेटर ट्रॅक्टरला खाली लोटतो. उतार उतरताना गिअर खालचा, आणि मध्येच क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल करायचा नाही. डावा-उजवा ब्रेक एकमेकांना अडकवून ठेवायचे. एकट्या ब्रेकवर पाय पडला तर गाडी आडवी होते.

आता जी गोष्ट सगळ्यात जास्त पोरं करतात आणि जिच्यात माणूस जातो. चाक फसलं की चाकापुढं ओंडका किंवा दगड घालून क्लच सोडतात. चाकाला पुढं जाता येत नाही, इंजिनाचा जोर तर चालूच. मग चाक फिरण्याऐवजी चाकाभोवती ट्रॅक्टरच फिरतो. पुढची चाकं उचलतात आणि अख्खा ट्रॅक्टर मागं चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. याला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत, उडी मारायला वेळ मिळत नाही. ओढायची वस्तू सीटखालच्या वरच्या कडीला बांधली तरी हेच होतं. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच. फसलेली गाडी पुढं नाही, मागं काढायची. आणि फार उभा चढ असेल तर रिव्हर्समध्ये चढायचं, म्हणजे जड बाजू वरच्या अंगाला राहते. मडगार्डवर पोरं बसवायची नाहीत. हे शेवटचं वाक्य कुणी ऐकणार नाही हे आम्हाला माहीत आहे, तरी लिहितो.

एवढं सगळं केलं की ट्रॅक्टर थोडा जास्त चढेल. किती? आम्ही आमच्यापुरता एक हिशेब धरलाय. दहा फुटांची सरळ काठी घ्यायची, वर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवून काठी सपाट धरायची आणि खालच्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते मोजायचं. एक फुटापर्यंत असेल तर जपून ट्रॅक्टर चालेल. दीड फूट असेल तर फक्त अनुभवी माणूस आणि कोरडी जमीन. दोन फूट भरले की ट्रॅक्टर नाही, मालक काही म्हणो. वरकसाचे आपले कितीतरी तुकडे दोन फुटांच्या पुढचे आहेत. तिथं कुठल्याही कंपनीचा टायर कामाचा नाही.

आणि इथंच खरी गाठ आहे. उतारावर ट्रॅक्टरला सोपं असतं ते सरळ वर-खाली जाणं. आडवं चालवलं तर तो खालच्या अंगाला सरकतो आणि उलटायची भीती असते. म्हणून ड्रायव्हर वर-खाली नांगरतो. त्याचं त्याच्या जिवाच्या दृष्टीनं बरोबरच आहे. पण वर-खाली नांगरलं की प्रत्येक तास म्हणजे पाण्याला तयार करून दिलेली पन्हाळ. आपल्याकडं पाऊस रिमझिम पडत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आरेतले मोठे माणसं सांगतात की डोंगराचं पाणी पाड्यातून रस्त्यासारखं वाहत होतं. अशा पावसात पन्हाळी केलेली जमीन किती वर्षं टिकेल? जमिनीला पाहिजे आडवं आणि ट्रॅक्टरला पाहिजे उभं. दोघांचं भांडण टायर बदलून मिटणार नाही. आमचं म्हणणं, ट्रॅक्टरची पकड वाढवत बसण्यापेक्षा उतार कमी करा.

उतार कमी करणं म्हणजे मजगी. हे आपल्या म्हाताऱ्यांना कुणी शिकवायला आलं नव्हतं. उताराला आडवा दगडी ताल रचायचा, पाऊस वरची माती आणून तालामागं भरतो, तीन-चार पावसाळ्यांत मागं सपाटी तयार होते. हिशेब सोपा आहे. दहा फुटांना एक फूट उतार असेल आणि ताल तीन फूट उंच असेल, तर दर तीस फुटांवर एक ताल घातला की मधली सगळी पट्टी सपाट होऊ शकते. तीस फुटांच्या पट्टीत छोटा ट्रॅक्टर आरामात चालतो, वळतो, आणि चाक घसरायचं कारणच उरत नाही. दोन फुटांच्या उतारावर तेवढ्याच उंचीच्या तालांमध्ये पंधरा फूट मिळतात. तिथं पॉवर टिलर किंवा बैल. त्याहून उभ्या जागेवर नांगर घालूच नये, तिथं गवत ठेवा, आंबा-काजू-बांबू लावा, वरई पाहिजे तर कुदळीनं.

ताल सरळ रेषेत नाही, पाणपातळीत घालायचा. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी असेल तर उत्तम, नाहीतर तीन काठ्यांची चौकट बांधून मधून दोरीला दगड लोंबवा, तेवढ्यानं भागतं. तालाच्या टोकाला दगड लावून सांडवा ठेवायला विसरू नका, सांडवा नसलेला ताल पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो आणि खालच्या सगळ्या तालांना घेऊन जातो. तालावर तूर टोचा, मुळं माती धरतात आणि डाळही होते. जेसीबीनं दोन दिवसांत सपाट करून देतो म्हणणारे येतील. त्यांना परत पाठवा. जेसीबी वरची काळी माती खाली गाडतो आणि खालचा मुरूम वर आणतो, मग त्या सपाटीवर दोन-तीन वर्षं काही धड पिकत नाही. शिवाय राखीव वनात नव्यानं जमीन फोडणं हा १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा धरतात. दावा प्रलंबित असताना यंत्र आत घातलं की समोरच्याच्या हातात आपणच काठी दिली.

आता कागदाचं. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. त्या नियमांतला १३ वा नियम काढून वाचा, गावात शिकलेल्या पोराकडून मोठ्यानं वाचून घ्या. पुराव्यांच्या यादीत घर-झोपड्यांच्या बरोबरीनं जमिनीत केलेल्या कायमच्या सुधारणा मोजल्या आहेत. त्यात सपाटीकरण आहे, बांध आहेत, छोटे बंधारे आहेत. म्हणजे आज्यानं रचलेला ताल हा कायद्यानं मानलेला पुरावा आहे, दंडाच्या पावतीइतकाच. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन आपल्या कब्जात होती हे दाखवायचं असतं. शेवाळलेला, मुळांनी धरलेला दगडी ताल ते दाखवतो. पावत्या वाळवीनं खाल्ल्या, आजोबांना कुणी कागद दिलाच नव्हता, पण ताल जागेवर आहे. आणि आपण तोच पहारीनं उघडतो, का तर ट्रॅक्टरला वळायला जागा पाहिजे!

नियमात असंही आहे की एकाहून जास्त पुरावे बघायचे. तेव्हा नुसत्या तालावर विसंबू नका. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घेतलेले चालतात. ज्यांचे ताल आधीच फुटलेत त्यांनी हे नक्की करावं, कुणाला आठवतं, कुणी रचले, किती होते, कुठून कुठपर्यंत. ते सांगणारी माणसं कायमची राहणार नाहीत. आणि दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कलम ४(५) प्रमाणे कुणाला कब्जातून हलवता येत नाही हेही पाठ असू द्या. जुना ताल दुरुस्त करताना कुणी अडवलं तर आधी त्यांच्याकडून लेखी मागा.

दाव्याचा निकाल लागून पट्टा मिळाला की मजगी रोजगार हमीतून होऊ शकते, आदिवासी कुटुंबाच्या स्वतःच्या जमिनीवरची कामं त्यात बसतात. नमुना ४ भरून कामाची मागणी करा, तारखेसह पोच घ्या, पंधरा दिवसांत काम नाही तर बेकार भत्ता. त्या कामात ठेकेदार चालत नाही. गावातल्या लोकांना मजुरी मिळते आणि जमीनही आपलीच सुधारते. लाखभर कर्ज काढून ट्रॅक्टर घेण्याआधी हे काम मागावं असं आमचं स्पष्ट मत आहे. उलटं केलं तर कर्ज राहतं आणि ट्रॅक्टर पायथ्याला उभा राहतो. ट्रॅक्टरच्या अनुदानाच्या अर्जालाही जमिनीची नोंद लागते, तेव्हा तिथंही कागदच आडवा येतो.

आमच्या आरेच्या पाड्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. आम्हाला यातलं बरंच काही लागू नाही. मुंबई उपनगर हा सगळा जिल्हा शहरी, त्यामुळं इथं राष्ट्रीय रोजगार हमी नाही. १९४९ मध्ये इथं दूध वसाहत आली, तबेल्यांच्या म्हशींना गवत लागलं, आमची खाचरं कागदावर दुसऱ्याची झाली. १९७७ मध्ये चित्रनगरी आली. टेकड्या कापून रस्ते आणि सेट उभे राहिले तेव्हा मातीचं काय होईल असं कुणी विचारल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. आम्ही काकडी-शिराळ्याच्या मांडवाखाली चार दगड आडवे लावले की विचारायला माणूस येतो. आमच्याकडं ट्रॅक्टरला जागाच नाही, चढावर सगळं कुदळीनं होतं, भाजी डोक्यावरून गोरेगाव स्टेशनला जाते. पण ताल आहेत. पाड्यापाड्यात आहेत. यंदा आम्ही ते मोजायला घेतलेत. कुणाच्या रानात किती, लांबी किती पावलं, कुणी रचला, कुणाला आठवतं, असं वहीत लिहितोय. चाळीस पानी वही निम्मी भरली. एका आजीनं एकेक दगड कुठून आणला ते सांगितलं, ते सगळं लिहायला हात दुखला.

हे काम तुमच्या गावात आत्ताच करता येईल. पावसात ताल शोधायला सोपं जातं, तालाच्या मागं पाणी साठतं, हिरवळ जास्त असते, लांबून पट्टे दिसतात. वनहक्क समितीच्या दोघांनी काठी-बाटली घेऊन फिरावं, उतार आणि ताल एकाच वेळी मोजून होतात. फोनमध्ये फोटो काढा, फोटोत दावेदार उभा असू द्या. मग ते सगळं ग्रामसभेच्या वहीत चढवून ठराव करा. दिवाळीनंतर ट्रॅक्टर ठरवायला बसाल तेव्हा कुठल्या प्लॉटवर तो चढेल आणि कुठल्या नाही हे वहीतच असेल, भाड्यावाल्याला विचारायची गरज पडणार नाही.

जव्हारकडच्या त्या घरचे तीन ताल भात झोडून झालं की पुन्हा रचायचं ठरलंय. आम्ही आरेतून सात जण जाणार आहोत. गावातली दोन म्हातारी माणसं बसून जबाब देणार आहेत, लिहायला आम्ही आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी आपली पहार आणि घमेलं घेऊन यावं. दगड तिथंच पडलेत.